रेडफिल्डचा माळ, पाच दिवस आणि तीन बंदुका

आमचे शेजारी मूळचे साऊथ डकोटाचे. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणतो. मिनियापोलिसमधल्या आमच्या गल्लीत आता आणखी दोघं-तिघं त्यांना याच नावाने हाक मारतात. अकरा वर्षांपूर्वी माळावरच्या पाखरांची शिकार मला त्यांनीच शिकवली. यंदा त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि बंदुकीचा धक्का कायमचा बंद झाला. सप्टेंबरात एका संध्याकाळी त्यांनी कपाटातून दोन बंदुका काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या.

"एक नातीला द्यायची आहे, एक तुला. कुठली ते तू ठरव. पण इथे उचलून बघून ठरवू नकोस. ऑक्टोबरात माझ्याबरोबर ये, चाल, मग सांग."

त्या दोन आणि माझी जुनी एक, अशा तीन बंदुका घेऊन आम्ही साऊथ डकोटातल्या रेडफिल्डला निघालो. तिघींची ओळख आधीच करून देतो.

माझी म्हणजे रेमिंग्टन ८७०, बारा बोअरची पंप. पुढच्या हाताखालचं लाकूड मागे ओढलं की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकललं की नवं आत जातं. हे मॉडेल १९५० सालचं, आणि इथल्या शेतकऱ्यांच्या घरात, ट्रकमध्ये, गोठ्याच्या दारामागे हमखास सापडणारं. दुसरी ब्राउनिंग सिटोरी, २० बोअरची, नळीवर नळी. जॉन ब्राउनिंग १९२६ साली बेल्जियममधल्या लीज शहरात कारखान्यात कामावर असतानाच वारले. तेव्हा त्यांच्या हातात असंच एकावर एक नळ्यांचं काम होतं, ते पुढे मुलाने तडीला नेलं. सिटोरी त्याच वळणाची, १९७३ पासून जपानच्या मिरोकू कारखान्यात बनणारी. तिसरी फॉक्स कंपनीची स्टर्लिंगवर्थ, १६ बोअरची, शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी, दोन नळ्यांना दोन चाप. फिलाडेल्फियात घडलेली आणि मास्तरांच्या वडिलांनी आयुष्यभर वापरलेली. मुठीजवळची जाळीदार कोरीव नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे. ती झीज एकाच माणसाच्या तळहाताची आहे, हे हात लावल्यावर कळतं.

बोअरचा आकडा उलटा चालतो, म्हणून सांगून ठेवतो. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी ओतायची, अशा किती गोळ्या एका पौंडात बसतात तो आकडा म्हणजे बोअर. गोळी लहान तर आकडा मोठा. बारा बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटर, सोळाची पावणेसतराच्या आसपास, विसाची साडेपंधराच्या थोडी वर.

शुक्रवार

सकाळी सातला निघालो. मागच्या सीटवर मास्तरांची ब्रिटनी जातीची कुत्री मेपल, तिच्या पायाशी कुलूपबंद पेट्यांत रिकाम्या बंदुका, आणि डिकीत बायकोने दिलेला दिवाळीचा चकली-चिवड्याचा डबा. हायवे २१२ मिनेसोटा ओलांडून सरळ पश्चिमेला जातो. ऑलिव्हिया गावात रस्त्याकाठी मक्याच्या कणसाचा उंच पुतळा आहे. तो मागे पडला की झाडं विरळ होतात आणि आभाळ खाली येतं.

वाटेत मास्तरांनी आजोबांच्या बंदुकीबद्दल विचारलं. आमचं गाव सिंधुदुर्गातलं. आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची एक नळीची काडतुसाची बंदूक होती. भात पोटरीला आलं की डुकरं यायची, मग आजोबा रात्री माळ्यावर बसायचे. डुकरांना पळवायला बहुतेक वेळा आवाजच पुरायचा. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची. त्या फेरीला मी त्यांच्याबरोबर एसटीने जायचो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली होती, आणि ती संपली हे बरंच झालं असं आजोबा म्हणायचे. त्यांच्या लहानपणी सड्यावर दिसायचे तितके तितर नंतर त्यांना कधी दिसले नव्हते. ती बंदूक मी कधी उडवली नाही. फक्त पुसली, खोबरेल तेलाने.

इथला हिशेब वेगळा आहे, आणि तो मला पटलेला आहे. इथला फेझंट, म्हणजे कोंबडीच्या जातकुळीतला लांब शेपटीचा रानपक्षी, मुळात आशियातला. शांघायला अमेरिकेचे कॉन्सल जनरल असलेल्या ओवेन डेनी यांनी १८८१-८२ मध्ये तिथून पाखरं ओरेगॉनला पाठवली. साऊथ डकोटात १९०८ च्या सुमारास रेडफिल्डच्या आजूबाजूला सोडलेली पाखरं टिकली, आणि १९१९ साली याच स्पिंक काउंटीत राज्यातला पहिला हंगाम झाला, फक्त एका दिवसाचा. आज फेझंट हा राज्यपक्षी आहे. शिकार फक्त नराची, दिवसाला माणशी तीन. मादीला हात लावायचा नाही. १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. माझ्या प्रत्येक काडतुसात थोडं गवत आहे, असं मी समजतो.

डोलंड गाव लागलं तेव्हा मास्तरांनी टोपी काढली. मिनेसोटाचे ह्यूबर्ट हम्फ्री, पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झालेले, ते या एवढ्याशा गावात वाढले. दुपारी रेडफिल्डला पोचलो. मास्तरांच्या वर्गमित्राचं शेत गावापासून जवळच आहे. त्याच्या गोठ्यामागे, मातीच्या बांधासमोर, आम्ही मोठे कागद लावले.

हे काम बहुतेक लोक करत नाहीत, आणि माझ्या मते बंदूक निवडण्यातलं निम्मं काम हेच आहे. आधी डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या मागच्या लाकडावर, टेकवायचा आणि डोळे उघडायचे. बंदूक अंगाची असेल तर नजर नळीवरच्या पट्टीवरून सरळ पुढच्या मण्यावर जाते. छऱ्याच्या बंदुकीला रायफलीसारखी मागची माशी, म्हणजे नेम धरायची खाच, नसते. तुमचा डोळा हीच मागची माशी, आणि तो डोळा कुठे बसणार हे दस्ता ठरवतो.

सिटोरी लावली, डोळे उघडले, पट्टी आणि मणी जिथल्या तिथे. ८७० ला मान किंचित पुढे ताणावी लागते, पण अकरा वर्षांच्या सवयीने तीही बसते. फॉक्स लावली, डोळे उघडले, तर समोर फक्त नळ्या मोडायची, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायची, वरची कळ. पट्टी दिसेचना. त्या काळच्या अमेरिकन बंदुकांचा दस्ता मागे बराच खाली उतरलेला असतो. लोक मान ताठ ठेवून नेम धरायचे, त्यांच्यासाठी तो बनलेला. माझी मान आखूड. गाल टेकवला की डोळा खूप खाली जातो.

कागदाने तेच सांगितलं. सोळा यार्डांवरून कागदाच्या मधल्या काळ्या ठिपक्यावर बंदूक खांद्याला लावता लावता बार टाकायचा, रेंगाळून नेम धरायचा नाही. सिटोरीचे छर्रे ठिपक्याभोवती, जरा वर. उडत्या पाखराला ते बरं. फॉक्सचे चार इंच खाली. सोळा यार्डांवर एक इंच चूक म्हणजे दस्त्यात साधारण एक सोळांश इंचाचा फरक, असा जुना हिशेब आहे. म्हणजे पाव इंच लाकूड मला कमी पडत होतं. मास्तर कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. "बाबांची मान माझ्यासारखीच लांब होती," एवढंच म्हणाले.

मग चाळीस यार्डांवरून तीस इंचांच्या वर्तुळात किती छर्रे पडतात ते मोजलं. नळीचं तोंड किती आवळलेलं, म्हणजे चोक, त्यावर ते ठरतं. थोड्या आवळलेल्या नळीतून निम्मे छर्रे वर्तुळात यावेत, मध्यम आवळलेलीतून साठ टक्के, पूर्ण आवळलेलीतून सत्तर. कागदावर पेन्सिलीने एकेका भोकाला खूण करत मी अंधार पडेपर्यंत मोजत होतो.

रात्री मोटेलमध्ये मास्तरांनी जाकिटांचे खिसे तपासले. बारा बोअरची लाल काडतुसं एका डब्यात, विसाची पिवळी दुसऱ्यात. विसाचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर घसरून पुढे अडकतं. मागून बाराचं काडतूस बसतं, काही वेगळं वाटतही नाही, आणि बार काढला की नळी हाताशी फुटते. म्हणूनच विसाची काडतुसं पिवळी करतात. मास्तरांचा नियम असा की एका जाकिटात एकच बोअर, आणि बंदूक बदलली की खिसे उलटे करून झटकायचे.

शनिवार

दहा वाजल्याशिवाय बार काढता येत नाही. फेझंट सकाळी गवतातून उठून मक्यात, ज्वारीत चरायला जातो. हो, ज्वारीच, आपला जोंधळा, फक्त इथला बुटका, गुडघ्याच्या वर जेमतेम. दहाच्या सुमारास पोट भरून तो परत गवताच्या कडेला येतो. आम्ही शेतकऱ्याच्या राखीव गवतात उतरलो. सरकार दहा-पंधरा वर्षांच्या कराराने भाडं देतं आणि शेतकरी ती जमीन नांगरत नाही. १९८५ च्या शेती कायद्यापासून ही योजना चालू आहे. अशी गवतं मोडून मका लावला की फेझंट जातात, इतकं ते सरळ आहे.

आज माझी ८७०. कमरेएवढं गवत, पायाखाली उंचवटे, वाऱ्याला तोंड देत चालणं. फेझंट आधी उडत नाही, पळतो. मेपल थांबते, पुढे सरकते, पुन्हा थांबते, कारण समोरचा पळत असतो. पाऊण तासाने ती बांधाच्या कोपऱ्यात दगडासारखी उभी राहिली. एक पाय वर, शेपूट ताठ. मी तिच्या बाजूने पुढे गेलो आणि बुटाखालून गवत फुटल्यासारखा आवाज झाला.

"हेन! हेन!" मास्तर ओरडले. मातकट रंगाची मादी. बंदूक खाली. आणि तेवढ्यात दुसरा, कर्कश केकाटत, लांब शेपटी हलवत वर. "रूस्टर!" पहिला बार मागे गेला, दुसऱ्याला पडला.

हातात घेतला तेव्हा अजून गरम होता. डोकं हिरवं म्हणावं तर उन्हात जांभळं होतं. डोळ्याभोवती लाल कातडी, गळ्यात पांढरा गोठ, आणि छातीवरचं प्रत्येक पीस तांब्याचं, टोकाला काळी कड. पायाच्या मागे काट्यासारखी आर. ती आखूड आणि बोथट असेल तर पाखरू याच वर्षीचं, लांब आणि अणकुचीदार असेल तर जुनं. याची लांब होती. दोन हिवाळे काढलेला नर. मी नेहमीसारखा हात कपाळाला लावला आणि पाखरू जाकिटाच्या पाठपिशवीत सरकवलं.

तीन वाजेपर्यंत आम्ही बारा-तेरा किलोमीटर चाललो. ८७० चं वजन सव्वातीन किलो. सकाळी ते जाणवत नाही. दोननंतर बंदूक छातीशी तिरपी धरायचा कंटाळा येऊन ती खांद्यावर जाते, आणि नेमका तेव्हाच पक्षी उठतो. असा एक गेला. दुसरं पाखरू मिळालं ते चांगल्या छत्तीस पावलांवर, उलट्या वाऱ्यात, जागच्या जागी निष्प्राण. ते काम बारा बोअरचं. सव्वा औंस शिसं समोर गेलं की माणसाच्या बऱ्याच चुका झाकल्या जातात. अकरा वर्षं माझ्या झाकल्या गेल्या आहेत.

रविवार

आज केंद्र सरकारच्या पाणपक्षी राखीव जागेत गेलो. तिथे शिशाचे छर्रे चालत नाहीत. बदकं तळातले छर्रे खड्यांबरोबर गिळतात आणि शिसं भिनून मरतात, म्हणून बदकांच्या शिकारीत १९९१ पासून देशभर शिशाला बंदी आहे, आणि या जागांवर फेझंटसाठीही तोच नियम. म्हणजे पोलादी छर्रे. फॉक्स पेटीतच राहिली. पोलाद शिशासारखं दबत नाही, आणि पूर्ण आवळलेल्या जुन्या नळीत ते दामटलं तर तोंडाशी नळी फुगते. बिस्मथ धातूचे छर्रे मऊ असतात, ते जुन्या बंदुकीत चालतात, पण फॉक्सची नळीतली जागाही आजच्या पावणेतीन इंची काडतुसापेक्षा आखूड आहे. तिला अडीच इंची, कमी दाबाचीच काडतुसं लागतात. अशी मास्तरांकडे होती ती शिशाची होती. जुनी बंदूक निवडणं म्हणजे पुढच्या वीस वर्षांसाठी काडतुसांचा शोध निवडणं, हे त्यांनीच मला सांगितलं, काही न लपवता.

तर आज सिटोरी. तीन किलोला थोडी कमी, आणि वजन दोन हातांच्या मधोमध. सकाळी अकरापर्यंत दोन नर, दोन्ही पंचवीस पावलांच्या आत, दोन्ही एकेका बारात. माझ्या चालण्यात ऐट आली होती.

तिसरा पाणकणसांच्या कडेने उठला, दूर. चाळीसच्या पलीकडे नक्की, कदाचित पंचेचाळीस पावलं. मी बार टाकला. पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं. घनता शिशाची ११.३ आणि पोलादाची ७.८. वेग लवकर सरतो, आणि विसाच्या काडतुसात छर्रेही मोजकेच. पाखरू हललं, एक पाय खाली लोंबला, आणि पंख न फडफडवता ते तरंगत पाणकणसांच्या मध्यावर उतरलं.

आम्ही सव्वा तास शोधलं. गुडघाभर गार पाणी, चिखल ओढून घेतो, पाणकणसांचा कापूस नाकातोंडात. मेपलने दोनदा वास पकडला, दोनदा सुटला. एका जागी वाळक्या पातीवर रक्ताचा ठिपका दिसला, उडदाएवढा. त्याच्या पुढे काही नाही. मी त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकून बघत होतो. शेवटी मास्तरांनी हाक मारली.

"तीन झाले आजचे," ते म्हणाले.

न मिळालेलं पाखरू ते नेहमीच मोजतात. बंदूक पेटीत गेली आणि आम्ही एक वाजताच परतलो. गाडीत मी म्हणालो, बारा बोअर असती तर पडला असता. मास्तर थोड्या वेळाने म्हणाले, "पडला असता कदाचित. पण तू बारा बोअर घेऊन चालला नव्हतास, आणि ते तुला माहीत होतं."

रात्री झोप नीट लागली नाही. पहाटे उठून कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणा पुन्हा काढून बघितल्या. कागद खरंच बोलत होता. या नळीची, या काडतुसाची हद्द पस्तीस पावलं. त्याच्या पुढे वर्तुळात भोकं इतकी विरळ की त्यांच्यामधून अख्खं पाखरू निघून जाईल.

सोमवार

रात्रीपासून पाऊस आणि आडवा वारा. गवत भिजलं की पाखरं दाट झुडपांत दडून बसतात आणि कुत्र्यालाही वास मिळत नाही. हायवे २८१ ने खाली ह्यूरनला गेलो. तिथे रस्त्यालगत फेझंटचा प्रचंड पुतळा आहे, १९५९ सालचा. कॅफेत आमच्यासारखेच भिजलेले शिकारी बसले होते, आणि प्रत्येक टेबलावर बंदुकांचाच विषय. एक जण शेजारी-शेजारी नळ्यांखेरीज दुसऱ्या कशाला बंदूकच मानायला तयार नव्हता. दुसऱ्याच्या मते इटालियन ऑटोमॅटिक घेतली की प्रश्न संपला, धक्काही कमी आणि बार तीन. मी ऐकत होतो. कुणीच दस्त्याविषयी बोलत नव्हतं.

दुपारी शेतकऱ्याच्या घरी पाखरं साफ केली. गळ्याची पिशवी उघडली तर आत ज्वारीचे पंचवीस-तीस दाणे, मक्याचे चार, गवताचं बारीक बी आणि एक नाकतोडा, अख्खा, पाय दुमडलेला. थंडी पडायच्या आधीचा शेवटचाच असावा. नेताना पाखराचं डोकं किंवा पाय अंगाला ठेवावा लागतो, नर आहे हे वनखात्याच्या माणसाला दिसायला हवं म्हणून. रात्रीच्या जेवणासाठी मात्र दोन पूर्ण सोलली. छातीचं मांस कोरडं पडतं, ते कांद्यावर झटकन परतलं. तंगड्यांत शिरा फार, त्या मालवणी मसाल्यात आणि नारळाच्या दुधात दोन तास मंद शिजवल्या. शेतकऱ्याच्या बायकोने, पंचाहत्तरीच्या त्या आजींनी, रस्सा वाटीने प्यायला.

मंगळवार

ऊन, गार, वारा पडलेला. असा दिवस हंगामात दोन-तीनदा मिळतो.

सकाळी फॉक्स. चार दिवस ती पेटीतून माझ्याकडे बघत होती आणि मला ती हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. हातात घेतली की वजन उरतच नाही. मुठीच्या झिजलेल्या जागेत माझी बोटं आपोआप गेली. दोन चाप हे जुनं वाटतं, पण शहाणपणाचं आहे. पुढच्या चापाला उजवी नळी, जरा मोकळी, जवळच्या पाखरासाठी. मागच्याला डावी, आवळलेली, लांबच्यासाठी. कुठली नळी, हे अर्ध्या क्षणात बोट ठरवतं.

मेपलने ज्वारीच्या कडेला पॉइंट धरला. नर वीस पावलांवर, सरळ वर चढणारा, याहून सोपा नसतो. दोन्ही बार खालून गेले. मला कळलं की खालून गेले, कारण पाखराने झोक बदललाही नाही. दुसरा तसाच गेला, एकही पीस न गळता. तिसऱ्याला मी मुद्दाम गाल उचलला, मान ताठ केली, मास्तरांचे वडील करत असतील तशी, आणि तो पडला. स्वच्छ. मेपलने आणून दिला.

"दस्ता तापवून वाकवून घेता येतो," मास्तर म्हणाले. "पाव इंच म्हणजे काही फार नाही. करणारे कारागीर आहेत."

येतो, हे मलाही ठाऊक होतं. मी बंदूक मोडून रिकामी केली, हातावर घेतली आणि उभा राहिलो. त्या तीन पाखरांच्या वेळी माझं लक्ष कुठे होतं? पहिल्याला बंदुकीकडे, दुसऱ्याला बंदुकीकडे, तिसऱ्याला माझ्या मानेकडे. पाखराकडे एकदाही नाही. आणि तो दस्ता वाकवायचा म्हणजे एका माणसाच्या मानेचं माप पुसून माझं घालायचं. मला ते करवलं नसतं.

डबा खाऊन, जाकीट झटकून, दुपारी सिटोरी घेतली. दीड तास काहीच नाही. चार वाजता ऊन तिरपं झालं तेव्हा जुन्या पडक्या पवनचक्कीपाशी मेपल थबकली, मान वळवून आमच्याकडे एकदा बघितलं आणि परत समोर. मी पुढे गेलो. दोन उठले. एक डावीकडे, लांब जाणारा, चाळीस पावलांच्या पुढे पोचलेला. बंदूक वर आलीच नाही. दुसरा उजवीकडे, पवनचक्कीच्या लोखंडाआडून बाहेर पडला. डोळ्याभोवतीचं लाल, गळ्याचा पांढरा गोठ, चोच उघडी, इतकं मला स्पष्ट आठवतं. बंदूक खांद्याला कधी आली, सेफ्टी अंगठ्याने कधी सरकवली, यातलं काहीही आठवत नाही. पाखरू गवतात पडलं तेव्हा नळीतून धूर येत होता, म्हणून कळलं की बार मी काढला.

मास्तर काठी टेकत माझ्याजवळ आले. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "नात उंच आहे. मान माझ्या बाबांची. फॉक्स तिला बसेल."

सूर्य मावळायच्या आत आम्ही गाडीपाशी आलो. बंदुका मोडल्या, नळीतून आरपार आभाळ बघून रिकाम्या असल्याची खात्री केली, पेट्या बंद केल्या. मेपल पाणी पिऊन मागच्या सीटवर आडवी झाली, तिच्या कानात गोखरू अडकलेले, ते मास्तर एकेक करून काढत बसले. मी जाकीट काढून ठेवत होतो.

"खिसे," ते मान वर न करता म्हणाले.

मी बॉनेटवर सगळे खिसे उलटे केले. पिवळी नऊ काडतुसं निघाली, मोडकी चकली निघाली, ज्वारीचे दाणे निघाले. आणि आतल्या खिशाच्या शिवणीत, दोन दिवसांत दोनदा झटकूनही राहिलेलं, शनिवारचं एक लाल काडतूस. ते मी मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, स्वतःच्या खिशात टाकलं आणि पिवळ्या काडतुसांचा अख्खा डबा माझ्या बाजूच्या सीटवर ठेवला.